रस्ता-रेल्वेच्या मातीच्या भरावात पाणी ऋतूप्रमाणे कसं वागतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भराव खचला की बातमीत एकच वाक्य येतं, "मुसळधार पावसाने भराव वाहून गेला". कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याच वेळा त्या पावसाने फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो, निम्मं काम आधीच्या कोरड्या महिन्यांनी आणि त्याच्याही आधीच्या कित्येक वर्षांनी करून ठेवलेलं असतं. त्यामुळे खालची बरीच उत्तरं पावसापेक्षा उन्हाळ्याबद्दल वाटतील, ते मुद्दामच आहे.

इथे भराव म्हणजे नक्की काय धरायचं?

आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावरून रस्ता किंवा रूळ न्यायला माती टाकून केलेला लांबलचक उंचवटा. डोंगर कापून केलेली वाट म्हणजे कटिंग, ती वेगळी. पाण्याचे नियम दोन्हीकडे तेच, पण भरावातली माती माणसाने आणून टाकलेली असते आणि ती कशी टाकली, किती दाबली यावर पुढचं सगळं ठरतं.

पाऊस पडला, माती भिजली, जड झाली, घसरली. एवढं साधं नाही का?

जड होते हे खरं पण तो छोटा भाग आहे. खरा खेळ मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या दाबाचा आहे. माती पूर्ण भरलेली नसते तेव्हा कणांमधलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं, याला इंजिनिअर लोक सक्शन म्हणतात. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच ओढीने, वाळू पार सुकली तरी ढासळतो आणि पाण्यात बुडाली तरी. भराव उभा राहण्यात या ओढीचा वाटा मोठा असतो आणि पावसात ती आधी कमी होते, मग शून्य होते, आणि पाणी अजून वाढलं तर उलट होऊन पाणी कणांना एकमेकांपासून ढकलायला लागतं.

ढोबळ आकडे घेऊ म्हणजे कळेल. उतारात 1.5 मीटर खोलीवर वरच्या मातीचा दाब साधारण 28 किलोपास्कल (दाब मोजायचं एकक) धरा. उन्हाळ्याच्या शेवटी तिथे 20 किलोपास्कल सक्शन असेल तर कण एकमेकांवर जणू 48 ने दाबलेले असतात. सक्शन गेलं की उरले 28. आणि पाणी पार पृष्ठभागापर्यंत चढलं तर 1.5 मीटर पाण्याचा दाब जवळपास 15, म्हणजे उरले 13. चिकणमातीचा घर्षणाचा कोन, म्हणजे कण एकमेकांवर घासून किती अडतात याचं माप, 23 अंश धरला तर ताकद अंदाजे 20 वरून 12 आणि तिथून साडेपाचवर येते. माती तीच, उतार तोच, वजनही जवळपास तेच, आणि ताकद पावपट. हा हिशोब कार्ल तेर्झागीने 1920 च्या दशकात मांडलेल्या तत्त्वावर चालतो, की मातीची ताकद एकूण दाबावर नाही तर त्यातून पाण्याचा दाब वजा करून जो उरतो त्यावर ठरते.

मग उन्हाळ्यात भराव सगळ्यात मजबूत असतो, तेव्हा काळजी कशाची?

पडण्याच्या दृष्टीने मजबूत असतो, हो. पण चिकणमाती सुकली की आकसते, काळ्या मातीसारखी फुगणारी माती असेल तर फारच. आकसली की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे वरचा रस्ता किंवा ट्रॅक खाली बसतो, आणि सगळीकडे सारखा बसला असता तर चाललं असतं पण तो एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी बसतो, मग रेल्वेत गाड्यांचा वेग कमी करावा लागतो आणि रस्त्यावर कडेला लांबच लांब चिरा पडतात. हे कोरड्या काळात होतं आणि लोक गोंधळतात की पाऊस नाही, पाणी नाही, मग रस्ता कसा फाटला? पाणी गेलं म्हणूनच फाटला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, भेगा. चांगल्या दाबलेल्या चिकणमातीतून पाणी अतिशय हळू सरकतं, सेकंदाला मीटरचा अब्जावा भाग म्हटलं तर वर्षाला जेमतेम 3 सेंटीमीटर. तीच माती भेगाळली आणि पाणी जायचा वेग हजारपट झाला तर तासाला साडेतीन मिलिमीटर पाणी आत जाऊ शकतं, म्हणजे रिमझिम पाऊस सगळाच्या सगळा पिऊन टाकायला पुरेसं. कोरड्या काळात मीटरभर खोल भेगा पडणं काही नवल नाही. पुढे माती फुगून भेगा वरून मिटलेल्या दिसतात पण पूर्ण सांधल्या जात नाहीत, पुढच्या वर्षी तिथेच परत उघडतात. म्हणजे जी माती पाणी अडवेल म्हणून टाकली होती तिचा वरचा थर काही वर्षांत चाळणीसारखाच वागायला लागतो, आणि डिझाइनच्या कागदावर मात्र अजून तो जुना अब्जावा भागच लिहिलेला असतो.

पहिल्या जोरदार पावसात भराव का टिकतो आणि मग सीझनच्या मधे-शेवटी साध्या पावसात का पडतो?

कारण माती आधीची तूट भरून काढत असते. समजा कोरड्या काळात ऊन, वारा आणि झाडांनी मिळून उतारातून 150 मिलिमीटर पावसाइतकं पाणी काढून घेतलं. आता पहिला 60 चा पाऊस आला, त्यातला काही वाहून गेला, काही मुरला, तूट अजून 100 च्या आसपास आहे, सक्शन आतल्या भागात शाबूत आहे. असे तीन-चार पाऊस झाले की तूट संपते. त्यानंतर येणारा प्रत्येक मिलिमीटर थेट पाण्याची पातळी वर चढवतो आणि मग एरवी कोणी दखल घेतली नसती असा 30 चा पाऊसही पुरतो. म्हणून नुसता आजचा पाऊस बघून इशारा देणं अर्धवट आहे, मागचे दोन-तीन महिने किती पडला आणि किती उडून गेला हे धरावंच लागतं. किती उडून जाईल याचा अंदाज काढायला हॉवर्ड पेनमनने 1948 मध्ये सूर्यप्रकाश, वारा, तापमान आणि दमटपणा एकत्र घेऊन समीकरण दिलं, त्याची सुधारित रूपं आजही वापरतात.

ओला काळ कधी येतो हे जागेप्रमाणे बदलतं. मोसमी पावसाच्या प्रदेशात तो थोड्या महिन्यांत सगळं ओततो, समशीतोष्ण भागात हिवाळ्यात हळूहळू भरत जातो कारण तेव्हा बाष्पीभवन कमी असतं. धोक्याची वेळ त्यामुळे वेगळी, गणित एकच.

याला अपवाद आहे, तोही सांगतो. लांबलेल्या कोरड्या काळानंतर एकदम ढगफुटीसारखा पाऊस आला तर भेगांमधून पाणी झटकन आत जातं आणि मीटर-दीड मीटरचा वरचा थर आतला भाग कोरडा असतानाच घसरू शकतो. हे उथळ घसरणं असतं, पण रुळावर यायला तेवढी माती पुरते.

आमच्याकडचा भराव कित्येक दशकं उभा होता, आताच कसा खचला?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि "इतकी वर्षं टिकला म्हणजे पक्का आहे" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं.

चिकणमातीचा उतार उन्हाळ्यात आकसतो आणि ओल्या काळात फुगतो. फुगताना तो बरोबर जुन्या जागी परत येत नाही, गुरुत्वाकर्षणामुळे किंचित खाली आणि बाहेर सरकलेला राहतो. दर वर्षी मिलिमीटर-दोन मिलिमीटर, आपल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण मातीच्या आत काही ठिकाणी, बहुतेक वेळा पायथ्याजवळ, ही सरकण साठत जाते आणि जास्त सरकलेल्या चिकणमातीची ताकद कायमची कमी होते, ती सुट्टीवर जाऊन परत येत नाही. तो पट्टा कमजोर झाला की त्याचं ओझं शेजारच्या मातीवर, मग ती थकते, असं करत कमजोर पट्टा पायथ्यापासून वर सरकत जातो. एका वर्षी तो पुरेसा लांब झालेला असतो आणि त्या वर्षीचा ओला काळ मागच्या वीस ओल्या काळांपेक्षा वेगळा नसला तरी उतार जातो. चौकशीत मग त्या दिवसाचा पाऊस शोधतात.

याशिवाय उशीर लावणारं दुसरंही कारण आहे. लंडनच्या चिकणमातीत खोदलेल्या काही कटिंग 40-50 वर्षांनी ढासळल्या, त्याचा ॲलेक स्केम्प्टन यांनी 1960 आणि 70 च्या दशकांत सविस्तर अभ्यास केला. तिथे खोदकामामुळे आतल्या पाण्यात निर्माण झालेला ऋण दाब, म्हणजे सक्शनच, भरून यायलाच दशकं लागली होती, इतकी ती माती पाण्याला हळू वाट देते.

आणि बांधकाम. ब्रिटनमधले बरेचसे रेल्वे भराव एकोणिसाव्या शतकातले आहेत, वाघिणीतून माती ओतत पुढे जायचं, दाबायचं काही नाही. मातीतून पाणी कसं वाहतं याचा नियमच आन्री दार्सीने 1856 मध्ये लिहिला आणि किती ओलीवर माती सगळ्यात घट्ट दबते याची टेस्ट राल्फ प्रॉक्टरची, 1933 ची. म्हणजे जगातले कितीतरी भराव हे शास्त्र यायच्या आधीचे आहेत. त्यांच्यात ढेकळं, ढेकळांमधल्या पोकळ्या, मधेच राखेचे थर, आणि पाणी त्यातून कुठून कुठे जाईल हे आधी सांगणं अवघड.

रस्त्याच्या आणि रेल्वेच्या भरावात फरक पडतो का?

पडतो. डांबर किंवा काँक्रीट असेल तर मधली माती झाकलेली राहते, तिथली ओल वर्षभर फारशी बदलत नाही. बदल होतो तो कडेच्या एक-दोन मीटरमध्ये. मधला भाग स्थिर आणि कडा वरखाली, म्हणून चीर कडेला समांतर पडते. साईडपट्टी नुसती मातीची ठेवली आणि रस्त्याचं पाणी तिथेच सोडलं तर हे अजून लवकर होतं.

रेल्वेची खडी पाण्याला अडवतच नाही, सगळा पाऊस खाली जातो. खालची माती नरम असेल तर गाड्यांच्या वजनाने खडी तिच्यात रुतते, खोलगट खळगे तयार होतात आणि त्यात पाणी साचून राहतं. मग वरून खडी टाका, ती पण रुतते, खळगा अजून खोल. वर्षानुवर्षं असं झालेल्या भरावात ट्रॅकखाली पाण्याचा साठा असतो जो बाहेरून दिसत नाही आणि कोरड्या काळातही आटत नाही, आणि प्रत्येक गाडीबरोबर चिखल वर उडतो. नुसती खडी भरत राहणं हा इथे उपाय नाही, खळग्यातलं पाणी बाहेर काढायला आडवी वाट करून द्यावी लागते.

उतारावरची झाडं ठेवावी की तोडावी?

यावर लोक भांडतात आणि दोन्ही बाजूंचं थोडंथोडं बरोबर आहे.

झाडं पाणी ओढतात, सक्शन वाढवतात, मुळं माती धरतात. मोठी, जास्त पाणी पिणारी झाडं, म्हणजे ओक, पॉपलर, विलो, यांच्याखालची चिकणमाती इतकी कोरडी होते की पुढच्या ओल्या काळातही आतली तूट पूर्ण भरत नाही, म्हणजे घसरण्याच्या दृष्टीने तो उतार वर्षभर सुरक्षित. पण त्याच झाडांमुळे उन्हाळ्यात ट्रॅक काही सेंटीमीटर खाली बसतो आणि नंतर परत वर येतो, मेंटेनन्सवाल्यांचा जीव जातो.

म्हणून कोणीतरी सगळी झाडं एकदम तोडतं. ट्रॅक सुधारतो. पण पाणी ओढणारं कोणी उरलं नाही, माती पुढची काही वर्षं हळूहळू ओल धरत फुगत जाते, इकडे जुनी मुळं कुजतात, आणि जी स्थिरता झाडांनी फुकटात दिली होती ती गेली. परिणाम लगेच न दिसल्यामुळे तोडणाऱ्याला वाटतं काही झालं नाही.

मधला मार्ग ब्रिटनमध्ये अभ्यासून वापरला गेलाय, वरच्या भागातली मोठी झाडं काढायची म्हणजे ट्रॅक हलत नाही आणि पायथ्याकडच्या एक-तृतीयांश भागातली ठेवायची कारण घसरण सुरू व्हायची जागा तीच. बाकी ठिकाणी गवत. गवताने वरचा थर धुपत नाही, वाळ्याची मुळं तर दोन-तीन मीटर खोल जातात, पण साधं गवत खोलवरचं पाणी काढत नाही हे लक्षात ठेवा. पानगळीची झाडं असतील आणि ओला काळ हिवाळ्यात असेल तर ऐन गरजेच्या वेळी ती पाणी ओढत नसतात, तेव्हा कामी येते ती उन्हाळ्यात केलेली तूट.

वाळू किंवा मुरमाचा भराव असेल तर?

वरचं आकसणं-फुगणं जवळपास विसरा. पाणी येतं आणि जातं. तिथे काळजी धुपण्याची, आणि सक्शन गेलं की उभट भाग अचानक ढासळण्याची.

बर्फ पडणाऱ्या भागात काय होतं?

पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं, पण रस्ता उचलला जातो तो तेवढ्याने नाही. गोठणारा थर खालचं पाणी वर खेचतो आणि बर्फाच्या चकत्या बनत जातात, बारीक पोयट्याच्या मातीत हे सगळ्यात जास्त कारण तिच्यात ओढही आहे आणि पाण्याला वाटही. खरा त्रास वसंतात, वरून बर्फ वितळतो, खालचा थर अजून गोठलेला, पाण्याला जायला जागा नाही आणि रस्ता लगद्यावर उभा. म्हणून अमेरिकेत मिनेसोटासारख्या राज्यांत वसंतात जड वाहनांवर वजनाची मर्यादा घालतात.

कायम गोठलेल्या जमिनीवर उलटी चिंता, ती वितळू द्यायची नाही. 2006 मध्ये सुरू झालेल्या छिंगहाय-तिबेट रेल्वेचा जवळपास 550 किलोमीटर भाग अशा जमिनीवरून जातो. तिथे भरावात मोठ्या दगडांचे थर ठेवलेत म्हणजे थंडीत गार हवा आत फिरते, आणि काही ठिकाणी कडेला उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या रोवल्यात.

पायथ्याशी पाणी साचलं तर चालतं का? पूर तर ओसरतोच ना.

ओसरतानाच धोका असतो. पुराचं पाणी बाहेरून उताराला टेका देत असतं आणि तेवढ्यात हळूहळू आतही मुरतं. बाहेरचं पाणी एक-दोन दिवसांत उतरतं, आतलं चिकणमातीतून इतक्या लवकर निघत नाही. टेका गेला, आतला दाब राहिला. पूर ओसरल्यावर लगेच भरावावरून जड वाहतूक सोडायची घाई करू नये ती यासाठी.

दुसरं म्हणजे मोरी. मोरी कचऱ्याने तुंबली की भराव धरणाचं काम करायला लागतो आणि तो धरण म्हणून बांधलेला नसतो. पाणी मोरीच्या पाइपाच्या कडेकडेने वाट काढतं, बारीक माती घेऊन जातं, वरून काहीच दिसत नाही आणि मग एक दिवस रस्त्यात भोक.

ड्रेन केले की प्रश्न सुटतो?

ड्रेन योग्य जागी, योग्य उताराने, ड्रॉइंगप्रमाणे असतील आणि साफ होत असतील तर बराचसा. नाहीतर ड्रेनच पाणी एका जागी गोळा करून नको तिथे सोडतो. 12 ऑगस्ट 2020 ला स्कॉटलंडमध्ये कारमाँट इथे जोरदार पावसात उतारावरच्या ड्रेनमधली खडी वाहून रुळावर आली, गाडी घसरली, तिघांचा जीव गेला. तपासात निघालं की तो ड्रेन डिझाइनप्रमाणे बांधलेला नव्हता. ती जागा भरावाची नव्हती, वरच्या उताराची होती, पण धडा दोन्हीकडे लागू.

माझं मत विचाराल तर पैसे थोडेच असतील तेव्हा आधी आहे ते गटार, चर आणि मोऱ्या साफ करा, तेही ओला काळ सुरू व्हायच्या आधी. उताराला टेका देणाऱ्या भिंती आणि मातीत ठोकायचे लांब खिळे नंतर.

प्लॅस्टिक किंवा ताडपत्री टाकून उतार झाकला तर?

आणीबाणीत ठीक. कडेने पाणी आत जाऊ नये एवढं बघा.

भरावातलं पाणी मोजतात कसं?

पाण्याची पातळी आणि दाब मोजायला पायझोमीटर. सक्शन मोजायला टेन्सिओमीटर, पण साधा टेन्सिओमीटर 80-90 किलोपास्कलच्या पुढे चालत नाही, आत बुडबुडे होतात, आणि नेमकं कडक उन्हाळ्यात सक्शन त्याच्या वर गेलेलं असतं म्हणून वेगळ्या प्रकारचे सेन्सर लागतात. ओलीचं प्रमाण मोजणारे सेन्सर वेगळे, आणि उतार आतून सरकतोय का बघायला इन्क्लिनोमीटर. मातीतून वीज सोडून ओल-कोरडं यांचं चित्र काढायची पद्धतही हल्ली वापरतात, ती बरी कारण एका भोकाऐवजी सगळा छेद दिसतो.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाने 2005 मध्ये नॅफर्टन फार्मवर खास अभ्यासासाठीच भराव बांधला, 90 मीटर लांब, 6 मीटर उंच, काही भाग आजच्या पद्धतीने नीट दाबलेला आणि काही मुद्दाम जुन्या पद्धतीसारखा कमी दाबलेला. अशा ठिकाणी कळतं की एकाच भरावाच्या दोन बाजूही सारख्या नसतात, उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या उताराला ऊन जास्त म्हणून तो जास्त सुकतो.

एक सूचना, सेन्सर एका पावसापुरते लावून काढू नका. निदान एक पूर्ण कोरडा आणि एक पूर्ण ओला काळ झाल्याशिवाय त्या आकड्यांवरून काही बोलता येत नाही.

हवामान बदलामुळे हे वाढणार का?

हवा 1 अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे पडेल तेव्हा जोरात पडण्याकडे कल. आणि मधले कोरडे काळ तापट. म्हणजे भेगा खोल, आणि त्या भेगांवर पडणारा पाऊसही तीव्र. पूर्ण मोसमात किती पाऊस पडला हा आकडा तोच राहिला तरी भरावाला फरक पडेल.

मी इंजिनिअर नाही, रोज जाता-येता काय बघू?

रस्त्याच्या कडेला समांतर, कमानीसारखी वळलेली चीर, विशेषतः चिरेची एक बाजू खाली बसलेली असेल तर. उताराच्या पायथ्याशी नवीन फुगवटा. वाकडे झालेले खांब किंवा कुंपण, एका ओळीतले दोन-तीनच वाकलेले असतील तर जास्त. कोरड्या दिवसातही ओली राहणारी, पाणवनस्पती उगवलेली जागा. पाझर असेल तर पाण्याचा रंग बघा, स्वच्छ असेल तर एकवेळ ठीक, गढूळ असेल तर आतली माती बाहेर येतेय, तिथे थांबू नका आणि रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या माणसांना लगेच कळवा. फोटो काढताना शेजारी छत्री, चप्पल काहीतरी ठेवा म्हणजे चिरेची रुंदी कळते, आणि तारीख लिहा, महिन्याने तिथेच परत काढलेल्या फोटोशी जुळवता येईल.